अनुभव धागा : एक्यूएआर, अटेनमेंट आणि प्रत्यक्ष वर्ग

निळीशाई
एक्यूएआरची (कॉलेजने नॅकला दरवर्षी द्यायचा गुणवत्ता अहवाल) लगबग सुरू झाली आणि २०१७ च्या आधीचं नॅक (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) आठवलं. तेव्हा सगळा भर पीअर टीमच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांच्या भेटीवर. नंतर आकड्यांचे निकष आले, डीव्हीव्ही (कॉलेजने भरलेल्या माहितीची पडताळणी) आलं, आणि बरंचसं भेटीआधीच ठरायला लागलं. आकडे मागितले की कागद तयार होतात, पण वर्गात काही सुधारलं हे कशावरून ओळखायचं? आयक्यूएसी (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष), परीक्षा विभाग, अभ्यासमंडळात काम केलेल्यांनी नेमकं लिहा.

गणिती
सीओ अटेनमेंटपासून सुरू करा, म्हणजे विषय शिकून मुलांना काय यायला हवं (सीओ) ते किती जणांनी गाठलं. सगळ्यात जास्त गोंधळ पर्यायी प्रश्नांत होतो. वर्गात ६० मुलं, प्रश्न १० गुणांचा, लक्ष्य ६ गुण. ४० जणांनी सोडवला, ३० जणांना ६ किंवा जास्त. म्हणजे ७५ टक्के. पातळ्या ६०, ७०, ८० टक्क्यांना १, २, ३ अशा ठरवल्या असतील तर पातळी २. पण एक्सेलमध्ये रिकामे रकाने शून्य धरले गेले की तेच ५० टक्के होतात आणि पातळी शून्य! न सोडवलेला, गैरहजर आणि खरा शून्य, तिन्हींना वेगळी खूण हवीच.

पेपरसेटर
+१. आणि अटेनमेंट काढायच्या आधी प्रश्नपत्रिका बघा. सीओ४ वर एकच २ गुणांचा प्रश्न असेल तर त्या आकड्यावरून काहीच म्हणता येत नाही. पेपर काढण्याआधी तक्ता करायचा: कुठल्या सीओला किती गुण, आठवण तपासणारे किती, वापर तपासणारे किती. मॉडरेशनच्या (काढलेला पेपर तपासायच्या) बैठकीत पेपरबरोबर हा तक्ताही ठेवायचा.
अंतर्गत २० पैकी १८ आणि लेखीत ८० पैकी ३० अशी मुलं वर्गभर दिसली तर अंतर्गत मूल्यमापन सैल आहे. हे कोणी लिहीत नाही, पण लिहायला हवं.

चहावाली
सीओतच ‘समजेल’, ‘ओळख होईल’ लिहिलेलं असतं, मग मोजणार काय? ‘दिलेल्या ताळेबंदावरून चालू गुणोत्तर काढून त्याचा अर्थ सांगेल’ असं लिहा. एका विषयाला ४ ते ६ पुरे. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

फाइलवाले
डीव्हीव्हीत अडकतं ते आकडे जुळत नाहीत म्हणून. एका तक्त्यात पूर्णवेळ शिक्षक ४२, दुसऱ्यात ४४, आयशेत (उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणात) तिसराच. वर्षाच्या मध्ये आलेले-गेलेले मोजायचे की नाही हे प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो. एकच मूळ यादी ठेवा, रुजू आणि कार्यमुक्त तारखांसकट, आणि सगळे तक्ते तिच्यातूनच काढा.

निळीशाई
@फाइलवाले, स्कॅन फार जड होतात, त्याचं काय करता?

फाइलवाले
१५० डीपीआय, ग्रेस्केल. सही-शिक्का वाचता येतो. आणि लिंक शिक्षकाच्या खासगी ड्राइव्हची नको. माणूस निवृत्त झाला, खातं बंद झालं की पुरावा गेला. संस्थेच्या संकेतस्थळावरच ठेवा.

रानवारा
हे फार वेळा बघितलंय, तुमच्या सगळ्यांबद्दल सहानुभूती :(
फीडबॅकबद्दल. सत्राच्या शेवटी घेतलेला फॉर्म त्या मुलांच्या काही कामाचा नसतो. सहाव्या आठवड्यात तीनच प्रश्न विचारा: काय कळलं नाही, वेग कसा आहे, काय बदलावं. पुढच्याच तासाला वर्गात सांगा की यातलं काय बदलणार आणि काय नाही, का नाही. सरासरी ४.२ बघून थांबू नका. निम्म्यांनी ५ आणि बाकीच्यांनी ३-४ दिले असतील तर वर्गात दोन गट पडलेत, आणि मागचा गट सरासरीत दिसत नाही.

पेपरसेटर
आणि नावं गुप्त राहतील याची खात्री असेल तरच मुलं खरं लिहितात. १२ जणांच्या वर्गात हस्ताक्षरावरूनच कळतं.

गणिती
शिक्षकांना हे कारकुनी काम वाटतं कारण भरलेल्या तक्त्याचं पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. आयक्यूएसीच्या इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ नको. कोणता सीओ कमी पडला, काय बदलायचं, कोणी, कधीपर्यंत, एवढं लिहा. विषयामागे एकच बदल धरा. पुढच्या वर्षी त्याच सीओवर तितकाच कठीण प्रश्न विचारा, नाहीतर आकडा वाढला तो शिकवण्याने की सोप्या पेपरने ते कळणार नाही.

चहावाली
आले परत. @गणिती, ती एक्सेलची खूण नेमकी कशी करता?

गणिती
न सोडवलेल्याला ‘एनए’, गैरहजराला ‘एबी’. काउंट फक्त आकडे मोजतं, अक्षरं सोडून देतं. भागाकार त्या काउंटने करायचा, पटसंख्येने नाही.