दुसऱ्यांच्या घरचे सण आणि आपण (अनुभव लिहा!)

कंदीलवाली
लेकीच्या बालवाडीतून चिठ्ठी आली, 11 नोव्हेंबरला सांक्ट मार्टिन (संत मार्टिनचा सण), कंदील घेऊन या. आम्ही जर्मनीत नवीन. म्हटलं आकाशकंदील येतोच की आपल्याला, कामट्या नाहीत तर बार्बेक्यूच्या काड्या घेतल्या आणि खाली झिरमिळ्या सोडल्या. बाकी पोरांचे चंद्र-सूर्य, आमचाच एक झिरमिळ्यांवाला. अंधार पडल्यावर पोरं गाणी म्हणत रस्त्यातून निघाली, पुढे घोड्यावर लाल झगेवाला मार्टिन, आणि मला एकदम आजोळचा मोहरम आठवला. आजोळ सांगलीकडचं कडेगाव, मामाच्या खांद्यावरून ताबूत बघायचे, बांबू आणि कागदाचे, काही शंभर फुटांच्या वर, आणि त्यातले काही हिंदू घरांचे. ताबुतांच्या भेटी व्हायच्या तेव्हा मान दुखायची वर बघून बघून. हा शोकाचा दिवस असतो हे पुण्यात कॉलेजला आल्यावर कळलं, आमच्यासाठी ती जत्राच.
तुम्ही कधी असे दुसऱ्यांच्या सणात घुसलात का? लिहा.

वाळव्याचा_बाब्या
कडेगाव म्हटल्यावर लिहिणं भाग आहे. आमच्या वाळवा तालुक्यात, तिथेच सांगली जिल्ह्यात, गोटखिंडीला गणपती मशिदीत बसतो, 1980 पासून. पाऊस लागला म्हणून मूर्ती आत नेली ती कायमचीच. बकरी ईद गणपतीत आली तेव्हा कुर्बानी दिली नाही. चॅनलवाले दरवर्षी येतात आणि तेच तेच विचारतात, गावाला त्यात बातमी काय ते कळत नाही.

ठाणेकर_दादा
2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही 28 सप्टेंबरला आले, मुंबईत जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. सुट्टी पण दोन दिवस. आमच्या ऑफिसात दोन्ही धर्मांचे आभार मानले गेले 😀

शिवोलीची_सून
सांजाव!! गोव्यातला सेंट जॉनचा सण, 24 जून. मी कोल्हापूरची, नवरा गोंयकार. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल (मुकुट), घुमट (मातीचं वाद्य) वाजतंय, फेणी झालेली आणि एकेक जण धप्पकन विहिरीत. नव्या जावयाने पहिल्या सांजावाला सासुरवाडीला जायचं असतं म्हणे, म्हणून आमचे हे कोपेल घेऊन थेट कोल्हापूरला. कॉलनीत विहीर कुठली? बाबा म्हणाले जावईबापू, आमच्यात अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण देतात, पाण्यात ढकलत नाहीत. शेवटी रंकाळ्यावर भेळ खाऊन आले.

ओसाका_कट्टा
😂😂 रंकाळा!
इकडे जपानात ऑगस्टात ओबोन, पितरांचा सण. काकडीला चार काड्या टोचून घोडा, वांग्याची गाय. पितरांनी घोड्यावरून लवकर यावं आणि गायीवरून रमतगमत परत जावं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, बरंय यांचं, आपण कावळ्याच्या पाया पडत बसतो. पण एक सांगू का, आपल्याकडे पितृपक्ष म्हटलं की सगळं अशुभ, नवा शर्ट घ्यायचा नाही, आणि इथे त्याच माणसांसाठी अख्खा मोहल्ला युकाता (सुती किमोनो) घालून गोल नाचतो. आपली माणसं घरी येणार असतील तर तोंड पाडून का बसायचं, मला तरी हेच पटतं.

सांगलीची_सासू
अहो सगळं अशुभ नसतं, वडे-खीर असते की. आमच्या सुनेला वड्याचं पीठ जमत नाही, दरवर्षी सैल.

मिरजवाली
सगळ्यांचं वाचून छान वाटलं. आता आमची बाजू. ईदच्या आदल्या आठवड्यापासून मेसेज, शीरखुर्मा ठेव हां आमचा. ठेवते, आवडीने ठेवते, चारोळी जास्त घालून. पण पुण्यात भाड्याने घर शोधताना आडनाव ऐकून एजंटचा फोन कट व्हायचा. डबा मागणाऱ्यांपैकी एका मैत्रिणीचा फ्लॅट तेव्हा रिकामा होता. विषय तिने काढला नाही, मीही नाही.

शिवोलीची_सून
मिरजवाली 🫂 काय बोलू.

वाळव्याचा_बाब्या
ताई खरं आहे. आमच्या गणपती-मशिदीच्या बातमीखाली टाळ्या वाजवणारे पण तेच असतात.

आक्षीची_पोर
आमच्या आळीत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं घर होतं. आजी त्यांना शनवार तेली म्हणायची, पूर्वी तेलाचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. नवस फेडला की मलिदा यायचा, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं, एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने. बोलणं आमच्यासारखंच अलिबागी. आता काकू इस्राईलला असतात, पण आल्या की खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या खडकाला जाऊन येतात. अलिबागजवळचं खंडाळा हां, घाटातलं नाही, एकदा पाहुणे लोणावळ्याला उतरून बसले होते.

कंदीलवाली
मलिद्यात वेलची घालतात का? आणि जर्मनीत ओलं खोबरं कुठे मिळेल कुणी सांगा, नारळ आणला तो आतून सडका निघाला.

ओसाका_कट्टा
एशियन दुकानात फ्रोझन खवलेलं मिळतं बघ, साखर घातलेलं नको घेऊस.

आक्षीची_पोर
वेलची हो. पोहे जाडे घे, पातळ्यांचा लगदा होतो.

सांगलीची_सासू
खोबरं मिळालं की करंज्या पण कर. पोरगी केवढी आहे?