शिवी रंगमंचावर उच्चारली, तर ती कोणाला लागते?

कृष्णाकाठ (सांगली):

गेल्या रविवारी सांगलीतल्या एका लहान सभागृहात तरुण मुलांच्या गटाने तासाभराचा प्रायोगिक दीर्घांक सादर केला. त्यात कथानक नव्हते. चार नट आळीपाळीने पुढे येऊन आपल्याकडे घरात, रानात, वडापच्या जीपमध्ये आणि कारखान्याच्या वजनकाट्यावर कानावर पडणाऱ्या शिव्या उच्चारत होते, आणि डाव्या कोपऱ्यात एक मुलगी सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसली होती. शिवीत आई, बहीण किंवा बायको आली की ती एक खडा वेचून समोरच्या पितळी ताटलीत टाकत असे. पहिल्या पाच-दहा शिव्यांना हशा पिकला; माझ्या शेजारचे गृहस्थ तर मांडीवर थाप मारून हसत होते. पुढे नटांनी आवाज चढवण्याऐवजी उतरवत नेला, ताटलीतला 'टण्' असा नाद स्वच्छ ऐकू येऊ लागला आणि प्रेक्षागृह गप्प झाले. भांडण दोन पुरुषांचे आणि खडा मात्र दर वेळी तिच्या ताटलीत, हे मला इतक्या उघडपणे आजवर कोणी दाखवले नव्हते.

तीन-चार जण मध्येच उठून गेले. 'नाट्यपंढरीत हे शोभते का' असे प्रयोगानंतर विचारले गेले, म्हणून हा धागा काढला आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात 'सीता स्वयंवर' हे पहिले मराठी नाटक केले याचा अभिमान मलाही आहे. पण हरिपूरच्या देवलांचे 'शारदा' (१८९९) हेही आपलेच आहे, आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या, म्हणजेच लवकरच विधवा होणाऱ्या मुलीचे दुःख त्यांनी रंगभूमीवर आणले. आजी नातवाला लाडाने 'रांडंच्या, जेवलास का' असे म्हणते, त्यातला मूळ शब्द त्याच विधवेचा आहे. तो शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की त्यामागची बाई आता दिसत नाही. ती दिसावी म्हणून तो मंचावर उच्चारलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिरजकर:

मी सहमत नाही. विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' हे नाटक १९७२ साली परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरच्या, कात्रीत सापडले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा भांडण एका माणसाच्या भाषेसाठी होते. सखारामचे जगणे त्या भाषेवाचून उभे राहत नाही. आपण वर्णन केलेल्या प्रयोगात माणूस नाही, नुसते शब्द आहेत, आणि ते सर्वांना आधीच ठाऊक आहेत. कवलापूरच्या काळू-बाळूंनी ज्या तमाशाला मोठे नाव मिळवून दिले, त्यात मावशी आणि सोंगाड्या आडून बोलतात आणि प्रेक्षक अर्थ पुरा करतात, यातच त्या कलेची ताकद आहे. नटांनी तोंडे नुसती हलवली असती आणि खडा ताटलीत पडला असता, तरी प्रत्येकाला आपापली शिवी मनात ऐकू आली असती. तो प्रयोग अधिक कठीण होता, आणि मुलांनी सोपी वाट धरली असे मला वाटते.

नाट्यवर्गातील विद्यार्थी (सातारा):

मिरजकर सर, आडून बोललेल्या शब्दाला प्रेक्षक हसून मोकळा होतो, हीच त्यातली अडचण आहे. आमच्या जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, हातवारे करत, एकमेकींना उघड शिव्या देतात. याला बोरीचा बार म्हणतात. आपल्या परंपरेनेच त्या भाषेला एक दिवस आणि एक जागा दिलेली आहे. प्रायोगिक रंगभूमीने तीच जागा वर्षभर मागितली, तर त्यात परके काय आहे?

निवृत्त शिक्षिका (सांगलीवाडी):

उठून गेलेल्यांपैकी मी एक आहे, म्हणून लिहिणे भाग आहे. आईबहिणीच्या शिव्यांनी मी उठले नाही. मुलींच्या शाळेत मी अनेक वर्षे शिकवले, त्या शिव्या शाळेच्या फाटकाबाहेर रोज ऐकल्या, आणि सूप घेऊन बसलेल्या मुलीचे काम मला फार आवडले होते. साधारण अर्ध्या तासाने एका नटाने शिवी म्हणून एका जातीचे नाव उच्चारले. ते माझ्या जातीचे आहे. तेव्हा प्रेक्षागृहात हसू आले नाही, हे मुलांचे यश म्हणता येईल. पण त्या शब्दासाठी ताटलीत खडाही पडला नाही. माझ्यावर पडलेल्या शब्दाची मोजदाद त्या मंचावर कोणी करत नव्हते, आणि मी अंधारात तिसऱ्या रांगेत बसून होते.

बोरीच्या दोन्ही काठांवर तोंडे असतात. एकीने शिवी दिली की दुसरी तिथल्या तिथे परत करते, आणि आपण कशासाठी आलो आहोत हे दोघींनाही ठाऊक असते. प्रेक्षकाच्या काठावर तोंड नसते. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने अशा शब्दाला गुन्हा ठरवले, ते तो लोकांदेखत माणसाला खाली बसवतो म्हणून. माझे भांडण कायद्याचे नाही. नटाचा हेतू चांगला होता हे मला कळत होते, तरीही घरी जाताना आयर्विन पुलावर मी बराच वेळ उभी होते.

कृष्णाकाठ:

बाई, मी ताटलीकडेच पाहत होतो, आणि तरीही त्या शब्दाला खडा पडला नाही हे माझ्या लक्षात आले नाही. ही माझी चूक मी मान्य करतो. काल त्या मुलीशी बोललो. ती म्हणाली, "तो शब्द आला की तालमीतही माझा हात सुपात अडकायचा, पण संहितेत तिथे खडा नव्हता आणि मी विचारले नाही."

मिरजकरांचे म्हणणे मात्र मला अजूनही पटत नाही. तोंडे नुसती हलली असती, तर शेजारच्या गृहस्थांना स्वतःचे हसणे ऐकू आले नसते. ते ऐकू येणे हाच त्या प्रयोगाचा गाभा होता. पुढच्या प्रयोगाआधी आपण तालमीला यावे, अशी गटाची विनंती आहे.

निवृत्त शिक्षिका (सांगलीवाडी):

येईन. तो शब्द ठेवा किंवा काढा असे मी सांगणार नाही. तो कोणी उच्चारायचा, कोणाकडे पाहून, आणि तेव्हा प्रेक्षागृहातला दिवा लावायचा की नाही, हे मात्र विचारीन.