२०२१च्या साध्या बर्गंडीला कोणता निकष लावावा?

‘बूर्गोन्य ब्लां’ म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील, मुख्यतः शार्डने द्राक्षाची साधी पांढरी वाइन. तिची २०२१ची बाटली पातळ आणि आंबट लागते, शिवाय महाग पडते, म्हणून ते सालच टाळावे, असे एक मत आहे; ते मला घाईचे वाटते. त्या वर्षी मार्चअखेरच्या उबेने वेली लवकर फुटल्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील कडाक्याच्या थंडीने कोवळे कोंब करपले. शार्डने ही पिनो न्वार या तिथल्या लाल वाइनच्या द्राक्षाच्या आधी फुटत असल्यामुळे तिची हानी अधिक झाली. पुढे थंड, ओल्या उन्हाळ्यात केवडा हा बुरशीजन्य रोग पसरला (नाशिकचे बागायतदार त्याला डाऊनी म्हणतात). अशा वर्षाच्या वाइनमध्ये आम्लता ठळक असणारच. म्हणून आधीच्या उष्ण २०२०च्या भरदार वाइनशी तिची तुलना करण्यापेक्षा, त्या आम्लतेमागे फळाचा स्वाद घोटाच्या मध्यापर्यंत टिकतो का, की तिथे पोकळी आहे आणि ती ओक लाकडाच्या पिंपाच्या वासाने झाकली आहे, हे पाहावे. फ्रिजमधून काढताच चाखू नये. बारा अंशांच्या आसपास आल्यावर घोटाच्या मध्यातला तिचा स्वाद उलगडतो. किमतीबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे: पीक घटल्याने दर चढले, आणि त्या दरात त्याच सालाची चांगल्या उत्पादकाची माकों-व्हिलाज (बर्गंडीच्याच दक्षिणेकडील माकों भागातील पांढरी वाइन) मिळत असेल, तर मी तीच घेईन.