देवगडच्या बागेत फुरसं

विषय: गावच्या घराबद्दल सल्ला हवाय

नमस्कार मंडळी,
एरवी मी मंडळाच्या या मेलवर गणपतीच्या वर्गणीपुरताच उगवतो, आज मात्र कामासाठी लिहितोय. देवगड तालुक्यात आमची तीन एकर जागा आहे. खाली हापूसची जुनी कलमं, वर काजू, त्याच्या वर नुसता कातळ. आजी गेल्यापासून घर बंदच. या दिवाळीला आई आणि दोन्ही मुलांना (वय 9 आणि 5) घेऊन तीन आठवडे राहायचा बेत आहे. परवा राखणीला असलेल्या भाऊंनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला: न्हाणीघरामागच्या चिऱ्यांच्या (जांभ्या दगडांच्या) ढिगावर दीड वीत लांबीचं फुरसं, म्हणजे लहानसा पण विषारी साप. खाली एकच ओळ, "ह्यां रोजचांच." तेव्हापासून घरात तिकिटं रद्द करायची भाषा चालू आहे.

आम्ही पोचायच्या आत तीनही एकर ग्रासकटर फिरवून साफ करून घ्यावी का? घराभोवती गंधक किंवा कार्बोलिक टाकतात, त्याने काही होतं का? आणि सापाच्या विषावरची लस आणून फ्रिजमध्ये ठेवली तर?
– बाळा (स्टुटगार्ट)

उत्तर: गावच्या घराबद्दल सल्ला हवाय

बाळा,
मी लेस्टर सोडून राजापूरला येऊन सहा वर्षं झाली, पण मंडळाच्या मेल अजून वाचतो. तिकिटं रद्द करू नकोस.

गंधक, कार्बोलिक, फिनाईल, सगळे पैसे मातीत. वास दोन दिवसांत उडतो आणि साप तिथेच राहतो. तुझ्या फोटोत महत्त्वाचं काय आहे, तर तो चिऱ्यांचा ढीग. फुरसं विंचू, गोम, पाली, बारकी बेडकं खातं. हे सगळं त्या फटींत आयतं मिळतं, वर ऊन, खाली गारवा. म्हणजे तू त्याला जेवणासकट बिऱ्हाड बांधून दिलं आहेस. ढीग हलव. पडवीला टेकवलेली लाकडं, नारळाची झापं, फुटकी कौलं हीसुद्धा घरापासून लांब, जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर. साफसफाई घराभोवती वीस-पंचवीस फूट आणि विहिरीच्या व संडासच्या वाटा, एवढीच. बाकी रान राहू दे.

आता जे कोणी सांगत नाही ते. आपण परदेशातली माणसं आपल्या तीन आठवड्यांची काळजी करतो आणि त्यासाठी दुसऱ्याला गवतात पाठवतो. साप चावायचा तर बेणणी (गवत-झुडपं कापायचं काम) करणाऱ्याला, भात कापणाऱ्याला, पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या पानांत, हात घालून काजूच्या बिया वेचणाऱ्या बाईला चावतो. तिसऱ्या वर्षी माझ्याकडे हेच झालं. चार बाया आणि दोन गडी बेणणीला होते, मी पडवीत चहा घेत बसलो होतो. एकीने पातेरा कवळ्यात उचलला आणि मधल्या बोटाला फुरसं लागलं. तिने आधी बोट पदरात गुंडाळलं आणि अर्धा तास काम केलं, कारण रोज बुडेल. मला कळलं तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं. चार दिवस रुग्णालयात होती, वाचली. तिचा रोज मी दिला, ही काही सांगायची गोष्ट नाही, पण बूट आणि हातमोजे आधी दिले असते तर ती वेळच आली नसती.

तेव्हा भाऊंना आत्ताच गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि चामड्याचे हातमोजे घेऊन दे, आणि जो जो कामाला येईल त्याच्यासाठीही. पातेरा दाताळ्याने ओढायचा, हाताने नाही. चिरा उचलायचा तर पहारीने पलीकडची कड उचलायची, म्हणजे खालचं जनावर समोर निघतं, पायाशी नाही. तू येणार म्हणून घाईने एका दिवसात उरकायला लावू नकोस. घाईतच हात जातो.

घरात: न्हाणीच्या मोरीला जाळी, दारांखालच्या फटी बंद. बाहेरचा दिवा दारावर नको, खळ्याच्या टोकाला लाव. दिव्याला किडे, किड्यांना बेडूक, बेडकामागे साप, अशी रांग लागते. रात्री जमिनीवर झोपायचं नाही, आणि झोपलंच तर मच्छरदाणी गादीखाली खोचून. हे कांडरासाठी, म्हणजे मण्यारीसाठी. ती रात्री फिरते आणि झोपलेल्याला चावते तेव्हा अनेकदा कळतही नाही.

मारायच्या भानगडीत पडू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे हे एक. दुसरं, इंग्रजांनी रत्नागिरी जिल्ह्यात फुरशावर इनाम लावलं होतं, लोकांनी ती लाखांनी मारून आणली. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फुरसं आजही आहेच. तालुक्यातल्या सर्पमित्राचा नंबर घे, वनखात्याचा 1926 आहे.
– बापू

उत्तर: गावच्या घराबद्दल सल्ला हवाय

बाळा,
लसीबद्दल मी लिहिते. सिंधुदुर्गातल्या ग्रामीण रुग्णालयात दोन वर्षं काढली आहेत.

घरी ठेवायची नाही. ती शिरेतून, सलाइनबरोबर द्यावी लागते, आठ-दहा कुप्यांपासून सुरुवात होते, आणि कुणाला तिचीच जोरदार रिअ‍ॅक्शन येते. तेव्हा शेजारी अ‍ॅड्रेनालिन आणि ते वापरणारं माणूस लागतं. गेल्यावर पहिल्याच दिवशी, कुणाला काही झालेलं नसताना, जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन विचार: लस आत्ता किती कुप्या आहेत, रात्री डॉक्टर असतो का, व्हेंटिलेटरसाठी पुढे कुठे पाठवता. कांडर चावल्यावर श्वासाचे स्नायू बंद पडतात, तिथे जीव लसीपेक्षा व्हेंटिलेटरवर टिकतो. पहाटे कुणी पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणालं, तर अ‍ॅसिडिटी समजून थांबू नका.

फुरसं आणि घोणस रक्त गोठू देत नाहीत. त्याची तपासणी साधी आहे: दोन मिली रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरपं करून बघायचं. पातळच राहिलं तर विष भिनलंय. नळी साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो, म्हणून आम्ही नळ्यांवर पहारा ठेवायचो! पहिली तपासणी ठीक आली तरी घरी पळू नका, ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

चावल्यावर अंगठ्या-बांगड्या काढा, हात किंवा पाय फळीला बांधून न हलता ठेवा, 108 ला फोन. दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. साप पकडून आणायचा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांना लस एकच आहे. मात्र तुमच्याकडे चापडा हा विषारी सापही असतो, त्याच्यावर ही लस चालत नाही. लांबून फोटो मिळाला तर बरं.

ढिगाखाली विंचूही निघतील. लाल विंचवाने पूर्वी कोकणात मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी प्राझोसिन वापरायला लागल्यावर चित्र पालटलं. ती गोळी रुग्णालयात आहे का, तेही विचारून घे.
– डॉक्टरकाकू (मँचेस्टर)

उत्तर: गावच्या घराबद्दल सल्ला हवाय

बापूंचं सगळं पटलं, फक्त एक भर घालते. ढीग हलवा, पण त्या उत्साहात कुणी गडगा (रचलेल्या दगडांचं कुंपण) पाडू नका. हद्दीचा गडगा लांब असतो, तो सापांना असू दे. आमच्याकडे रात्री नावच घेत नसत, "जनावर" म्हणायचं, आणि चावला की "पान लागलं". लहानपणी मला वाटायचं विड्याचंच पान लागतं. बाळा, मुलांना काठी दे. न्हाणीकडे जाताना आपटत जायचं.
– माई (टोरांटो)

उत्तर: गावच्या घराबद्दल सल्ला हवाय

मंडळी,
देवगडहून लिहितोय. रेंज फक्त कातळावर येते, म्हणून उभ्यानेच. ढीग दोन दिवस लावून, पहारीने हलवला. चोवीस चिरे झाल्यावर पहिलं निघालं. आठाच्या आकड्यात वेटोळं घालून खवले एकमेकांवर घासत होतं, कुणी दूर करवत चालवावी तसा खर्र आवाज. डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी पांढुरकी खूण. धाकटा म्हणाला, "एवढंसंच?" सर्पमित्र येऊन घेऊन गेला. खाली आणखी एक होतं, आणि विंचू पाच.

रुग्णालयात गेलो. परिचारिकेने आधी विचारलं, "पेशंट कुठे?" पेशंट नाही म्हटल्यावर तिला काही समजेना. मग कपाट उघडून कुप्या मोजून दाखवल्या. प्राझोसिनही होती.

गमबूट बघून भाऊ पहिल्या दिवशी हसले, दुसऱ्या दिवशी घालून आले. चार जोड घेतले होते, तीन घरोघर गेले. काल निघायची तारीख विचारत होते. मला वाटलं, गाडीचं ठरवायचं असेल. मग हळूच म्हणाले, "तुमी गेल्यार ह्ये बूट हयच रवतले मां?"
– बाळा