३२५आय खाली बसवायची आहे, चाकं आणून ठेवली आहेत. आधी काय करू?

दोन_दारवाला:

मंडळी, नमस्कार. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांभोवती फेऱ्या मारल्या, शेवटी घेतली. १९८८ची बीएमडब्ल्यू ३२५आय, ई३० (या पिढीचं कंपनीतलं नाव), दोन दारांची. डॅशबोर्डला दोन भेगा आहेत, सीटचं कापड मात्र शाबूत. पहिले दोन दिवस तर मी ती कुठे नेलीच नाही. नुसती सुरू करायची, बॉनेट उघडायचं आणि त्या सहा सिलिंडरच्या घरघरीपाशी उभं राहायचं. घरचे म्हणाले, पूजा झाली असेल तर आत या.

तर प्रश्न असा. मला ती ६० मिमी खाली बसवायची आहे. त्या काळातली बीबीएसची जाळीदार १५ इंची चाकं मिळाली, तीही घेऊन ठेवली. स्प्रिंग बदलले की झालं, की सोबत शॉकअपही बदलावे लागतील?

किरकोळ तक्रारी आहेत, त्या सवडीने बघेन. आरपीएमचा काटा मधूनच शून्यावर पडतो. टेम्परेचरचा काटा नाचतो. किलोमीटरचा आकडा १,८४,३१२ वर थांबलाय, स्पीडोमीटर व्यवस्थित चालतो. टायमिंग बेल्टची काळजी नाही, बॉनेटखाली स्टिकर आहे: १,६०,००० ला बदलला. म्हणजे अजून बराच पल्ला आहे.

जमिनीलगत:

६०च घे, ४० मिमी कोणाच्या डोळ्यात भरत नाही. शॉकअप आखूड घे, जुने ठेवलेस तर ते तळाला आपटतील. बाकी नंतर.

पाव_मिमी:

दोन_दारवाला, तुझी पोस्ट मी दोनदा वाचली. चाकांचं नंतर बोलू. तूच लिहिलंयस की किलोमीटरचा आकडा थांबलाय. कधीपासून? मग १,८४,३१२ मधून १,६०,००० वजा करून तू काय मोजलंस? तो स्टिकर सहा वर्षांपूर्वीचा असू शकतो, सोळाही. त्यावर तारीख आहे का बघ. नसेल तर बेल्ट झालेलाच नाही असं धरून चाल, आणि तोवर गाडी सुरू करून शेजारी उभं राहणंही बंद कर.

हा बेल्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवून ठेवतो. तुझ्या गाडीतल्या एम२० इंजिनात तो तुटला की उघडे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. नशीब थोर असेल तर नुसते रॉकर मोडतात. या बेल्टला किलोमीटरइतकंच वर्षांचंही वय असतं. गाडी उभी राहिली म्हणून रबर तरुण राहत नाही. मी स्वतः चार वर्षांपलीकडे ठेवत नाही. बदलताना बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर नवा घाल, वॉटर पंपही घाल, कारण तो तिथेच समोर असतो आणि पुन्हा एवढं सगळं उघडायला कोणाला हौस आहे? बेल्ट चढला की स्टार्टरला हात लावायच्या आधी क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, खुणा परत जुळतात का बघायचं. जुळल्या नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा आला तरी.

आता काट्यांचं. मिटरच्या आत एक छोटा बोर्ड असतो, सर्व्हिसचे हिरवे-पिवळे-लाल दिवे लावणारा. त्यावर दोन चार्ज होणारे सेल थेट सोल्डर केलेले असतात. ते मेले किंवा गळले की बोर्ड बिथरतो आणि आरपीएम, टेम्परेचर दोन्ही काटे नाचायला लागतात. तुझी लक्षणं ऐकून माझा पहिला संशय तिथेच जातो. पण संशयावर विसंबून काट्याकडे काणाडोळा करू नकोस. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. एकदा खरंच तापली की हेड वाकतं नाहीतर तडकतं. आधी कूलंट बदल. नाक उंच करून गाडी उभी कर, हीटर पूर्ण गरमवर, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवरचा स्क्रू सैल कर आणि बुडबुडे थांबेपर्यंत धीर धर.

किलोमीटर थांबलेत ते प्लॅस्टिकच्या गिअरमुळे. मिटर तसाही बाहेर काढशील, तेव्हा त्याच खेपेत तो गिअर बदलून टाक.

आणि ६० मिमी. मी केलं होतं, म्हणून बोलतोय. या गाडीत मागचे आर्म तिरके बसवलेत. बॉडी खाली आली की मागची चाकं वरून आत कलतात, टो (चाकं सरळ पुढे बघतात की नाही तो कोन) बिघडतो, आणि कारखान्याने मागे ॲडजस्टमेंट दिलेलीच नाही. अलाइनमेंटवाल्याने मला स्क्रीनवरचे लाल आकडे दाखवले आणि चहाला निघून गेला. टायर बाहेरून नवेकोरे दिसत होते, आतल्या कडेला तारा आल्या होत्या. मला ते चाक काढलं तेव्हा दिसलं. नंतर मी ४० वर आलो, मागे एक्सेंट्रिक बोल्टसाठी (ते फिरवून चाकाचा कोन बदलता येतो) पत्रे वेल्ड करून घेतले, तेव्हा कुठे आकडे हिरवे झाले.

स्प्रिंगच्याही आधी बुश, म्हणजे सांध्यांमधली रबरं, बघ. मागच्या सबफ्रेमचे, ट्रेलिंग आर्मचे, पुढच्या कंट्रोल आर्मचे. ३५ वर्षांचं रबर असेल तर गाडी वळणात शेपूट हलवतेच, आणि आपण म्हणतो जुन्या गाड्या अशाच असतात. अशा नसतात! नवे बुश घालून एकदा चालव. मग ठरव किती खाली हवी.

गंज_शोधक:

पाव_मिमी यांच्याशी सहमत, एक भर. जॅक लावायच्या जागा, सनरूफची कड आणि मागच्या मडगार्डची आतली बाजू स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणटण वाजलं तर ठीक. भद्द आवाज आला तर स्प्रिंगचे पैसे पत्र्याकडे वळवा.

बीबीएस मात्र जरूर लावा. जर्मनीत ३० वर्षांवरच्या गाड्यांना नंबरच्या शेवटी एच अक्षर मिळतं, १९९७ पासून. तिथेही त्या काळात शोभणारे बदल चालतात. फक्त मधलं भोक मोजा, तुमच्या हबला ५७.१ मिमी लागतं. मोठं असेल तर रिंग घाला, नाहीतर स्टिअरिंग थरथरेल आणि तुम्ही बॅलन्सिंगवाल्याला शिव्या द्याल.

जमिनीलगत:

ठीक, ४० पण चालेल. 🙄 मागे एम३चा बिल्ला लावणार का?

पाव_मिमी:

तो लावलास तर मी या धाग्यावरून निघालो. एम३ म्हणजे याच ई३०चं खास वेगवान रूप, त्याचे मडगार्ड वेगळे, डिकी वेगळी, मागच्या काचेचा उतारसुद्धा वेगळा आणि बॉनेटखाली चार सिलिंडर. बिल्ल्याने काय होणार? त्यापेक्षा गाडीखाली जाऊन डिफरन्शियलवरची पट्टी पूस. आकड्याआधी एस असेल तर कारखान्याने लिमिटेड स्लिप घातलंय, म्हणजे एक मागचं चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो. त्याचा आनंद कर.

दोन_दारवाला:

तीन आठवड्यांनी येतोय, माफी.

स्टिकरवर तारीख नव्हती. कव्हर काढलं तर बेल्टवरची छपाई पार पुसलेली, आणि उलटा वाकवल्यावर दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा. तो आता टेबलावर ठेवलाय, येईल त्याला दाखवतो. बेल्ट, टेन्शनर, पंप झाले. हात लागलाच होता म्हणून इंजिन थंड असताना व्हॉल्व्हही ०.२५ ला सेट केले. टिकटिक गेली. पाव_मिमी, तुमच्या नावाचा अर्थ तेव्हा कळला.

बोर्डावरचे दोन्ही सेल हिरवे पडून गळले होते. नवे घातले, काटे शांत. गिअरचे तीन दात बोटातच तुटून आले.

पट्टीवर एस आहे. खाली पडल्या पडल्या ओरडलो, घरच्यांना वाटलं गाडी अंगावर आली.

मागचे बुश पुढच्या रविवारी. चाकं अजून सोफ्यामागेच आहेत. काल मिटर बसवून गाडी बाहेर काढली आणि रस्त्यापेक्षा जास्त वेळ आकड्याकडेच बघत होतो. १,८४,३१३ झाले.