कॉल सेंटरमधल्या १४ पैकी ३ एजंट कमी केले, तर ग्राहक दोन मिनिटं होल्डवर कसा?

काटकसर:
कॉल तितकेच, कॉलची लांबीही तीच. खर्च कमी करायचा म्हणून १४ एजंटचे ११ केले. हिशोबाने ११ जणांनाही थोडा मोकळा वेळ उरतो. मग रांग एवढी का तुंबते? आणि अशा कपातीने उत्पादनातल्या सुधारणाही थांबतात म्हणतात, ते कसं?

आकडेमोड:
हे एर्लांग सीचं गणित, म्हणजे किती एजंट असताना कॉलला किती थांबावं लागेल ते काढायचं सूत्र. अर्ध्या तासात १०० कॉल, प्रत्येकी सरासरी ३ मिनिटं धरा. म्हणजे ३० मिनिटांत ३०० मिनिटांचं काम. १० जण त्यातच अडकले. १४ एजंट असतील तर सरासरी ८ सेकंद थांबावं लागतं. १३ असतील तर १७, १२ असतील तर ४०, आणि ११ वर एकदम १२३ सेकंद! १० वर तर रांग वाढतच जाते. कॉल काही ओळीने येत नाहीत, घोळक्याने येतात. रिकामा दिसणारा एजंट पुढचा घोळका झेलायला बसलेला असतो.

एक मेख आहे: या सूत्रात कुणीच फोन ठेवून देत नाही. खरे ग्राहक कंटाळून ठेवतात आणि सरासरी उगाच बरी दिसते. सोडलेले कॉल वेगळे मोजा.

तिकीटबंद:
रांग वाढली की एजंटमागे 'कॉल आवरा'चा लकडा लागतो. समजा ६ मिनिटांचा कॉल ५ वर आणला, पण कॉलनंतर पुन्हा फोन करणारे १५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेले. परत आलेल्यांतलेही तितके टक्के पुन्हा फोन करतात, म्हणून १०० तक्रारींमागे आधी ११८ कॉल, ७०६ मिनिटं. आता १५४ कॉल, ७६९ मिनिटं. काम वाढलं, पण कॉल छोटे झाल्यामुळे आकड्यांचा डॅशबोर्ड मात्र हिरवागार! तोच ग्राहक त्याच विषयावर ७ दिवसांत परत आला तर नवं तिकीट (तक्रारीची नोंद) काढू नका, जुनंच उघडा.

इतर_रकाना:
सुधारणांचं विचाराल तर घोळ फॉर्मपासून सुरू होतो. वेळ वाचवायला मोकळा रकाना काढून ड्रॉपडाउन देतात. 'वायर तिरकी धरली तरच चार्ज होतं' हे ग्राहकाचं वाक्य अभियंत्याकडे 'हार्डवेअर – इतर' होऊन पोचतं. त्यातून तो काय दुरुस्त करणार? 'इतर' फुगायला लागलं की त्यातली ५० तिकिटं उघडून वाचा.

दुसरं म्हणजे मोकळा वेळ. थ्रीएम या अमेरिकन कंपनीत संशोधकांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरायची मुभा होती. २००१ मध्ये जेम्स मॅकनर्नी प्रमुख झाले, त्यांनी सिक्स सिग्मा, म्हणजे कामातला फरक आणि चुका कमी करायची पद्धत, प्रयोगशाळांतही नेली. कारखान्यात फरक कमी करणं ठीक. प्रयोगात फरकच तर हवा असतो. पुढच्या प्रमुखांनी संशोधनापुरता तो पट्टा सैल केला.

काटकसर:
म्हणजे १३ वर थांबलं तर चालेल?

आकडेमोड:
चालेल, पण ते १३ प्रत्यक्ष फोनवर बसलेले. रजा, जेवण, प्रशिक्षण यात ३० टक्के वेळ जात असेल तर १३ भागिले ०.७, म्हणजे पटावर १९ माणसं लागतात. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं.