तुळजापूरचं लॉज, १४ खोल्या: नेटच्या वायरीतून टीव्ही नेता येईल का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मामांचं तुळजापुरात तीन मजली लॉज आहे. वायफायचं काम केलं तेव्हा खोल्याखोल्यांत कॅट-६ (नेटची वायर) ओढून घेतली, पण ॲक्सेस पॉइंट पॅसेजमध्ये लागले आणि खोल्यांतले पॉइंट तसेच पडून राहिले. आता नवरात्राच्या आत टीव्ही पाहिजेत. भाविक दिवसभर दर्शनाच्या रांगेत, टीव्ही बघणार कधी, असं मी म्हणून पाहिलं. पण "टीव्ही हाय का?" हाच पहिला प्रश्न असतो म्हणे.

पाइपात आणखी आरजी-६ (डिशची जाड वायर) शिरत नाही. नुकताच रंग दिलाय, त्यामुळे मामा खिळासुद्धा ठोकू देईनात.

ओळखीच्या वायरमननं फ्री डिशच्या छत्रीची वायर कॅट-६च्या एका जोडीला पिळून टेप मारली. खोलीतला बॉक्स 'नो सिग्नल' दाखवतो. तो म्हणायलाय, वायरच खराब आहे. पण त्याच वायरीवर लॅपटॉपला नेट झकास चालतं! सगळ्यांत लांबची वायर ६० मीटर असेल. चुकतंय काय? एचडीएमआय एक्स्टेंडरनं (बॉक्सचं चित्र नेटच्या वायरीतून लांब नेणारं यंत्र) भागेल का?

प्रतिसाद:
आधी तो जोड काढा. बॉक्स त्याच वायरीतून छत्रीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, ते चुकून नेटच्या स्विचमध्ये (सगळ्या वायरी जोडतात तो डबा) गेले तर नवंच दुखणं.

वायर चांगली आहे. छत्रीच्या एलएनबीतून (छत्रीसमोर सिग्नल पकडणारा डबा) ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल उतरतो, कॅट-६ बनवलीय २५० पर्यंतच्या हिशोबानं. शिवाय आरजी-६ ७५ ओहमची, ही १०० ची, म्हणून दोन्हींचा जोड जुळत नाही.

एक्स्टेंडरनं चित्र पोचेल, पण एका बॉक्सवर एकच चॅनेल. खाली कुणी कीर्तन लावलं की चौदाही खोल्यांत कीर्तन.

छत्रीजवळ डीव्हीबी-एस२ ते आयपी गेटवे (डिशच्या सिग्नलचा नेटचा डेटा करणारं यंत्र) बसवा. चॅनेल तिथंच डेटा होऊन नेटसारखे खाली येतात, १०० मीटरपर्यंत अडचण नाही. त्यातल्या एका ट्यूनरवर एकाच ट्रान्सपॉन्डरचे (उपग्रहावरून एकत्र येणाऱ्या चॅनेलांचा एक गट) चॅनेल मिळतात, तेव्हा ट्यूनर मोजून घ्या. आणि स्विच आयजीएमपी स्नूपिंगवालाच हवा, म्हणजे ज्या पोर्टनं चॅनेल मागितला त्यालाच तो देणारा. साध्या स्विचमध्ये चालू असलेला प्रत्येक चॅनेल सगळ्या पोर्टांवर ओतला जातो, मग टीव्हीच्या आधी वायफाय झोपतं. यात बहुतेक जण फसतात.

धागाकर्ता:
जोड काढला. स्विच साधेच निघाले, आठ-आठ पोर्टचे. आणि मामांनी टीव्ही आधीच आणून ठेवलेत, तेही साधे, लॅनचं भोक नसलेले. म्हणजे प्रत्येकाला वेगळा आयपी बॉक्स (नेटच्या वायरीतून आलेला चॅनेल टीव्हीवर दाखवणारा) लागणारच ना? तसं असेल तर मामांना आज जेवण झाल्यावरच सांगतो.